पंधराशे वर्षांचा कोंडा, चार दिवसांचा बांबू

फोनवर ‘नॅचरल होम डेकोर’ असं शोधलं की पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. दोन काचांमध्ये दाबलेली फुलं, वाळवलेल्या झेंडूच्या माळा, ज्यूटच्या दोरीने मढवलेले आरसे, पाम्पास ग्रासचे झुपके. सगळं मातकट, उन्हात ठेवल्यासारखं फिकट आणि सुंदर. माझ्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांच्या व्हिडिओ कॉलमागे असा एखादा झुपका दिसतो. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला भिंतीवर काहीतरी झाडापानाचं असावंसं वाटतं, हे मला पूर्ण पटतं.

पण मी पहूरचा. जामनेर तालुका, जिल्हा जळगाव. आमच्याकडे गवत, काडी, कोंडा, बांबू यांना कुणी ‘डेकोर’ म्हणत नव्हतं. ते घरच होतं. शिवाय याच साध्या सामानातून झालेल्या भारताच्या कलेतल्या दोन मोठ्या गोष्टी आमच्या आजूबाजूला आहेत. एक पहूरच्या दक्षिणेला, एक उत्तरेला. दोन्हींशी एकाच चित्रकाराचं नाव जोडलेलं आहे: नंदलाल बोस.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. जळगावहून अजिंठ्याला जाणारा रस्ता नेरी, पहूर, फर्दापूर असा जातो. पहूरजवळून वाघूर नदी वाहते. ही तीच नदी, जिने अजिंठ्याच्या लेण्यांसमोर घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय. पुढे ती तापीला मिळते. तापी ओलांडून सातपुड्याच्या बाजूला गेलं की केळीच्या बागा सुरू होतात, आणि तिथे सावदा आणि फैजपूर ही गावं आहेत. म्हणजे अजिंठा एका टोकाला, फैजपूर दुसऱ्या टोकाला आणि आम्ही मध्ये.

दक्षिणेकडून सुरुवात करू.

१९०९ च्या डिसेंबरात कलकत्त्याहून काही तरुण चित्रकार अजिंठ्याला आले. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीला लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या होत्या आणि मदतीला हात हवे होते. भगिनी निवेदितांच्या आग्रहामुळे अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य तिकडे निघाले. त्यांत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. नंदलाल नुकतेच सत्तावीस वर्षांचे झाले होते. जवळजवळ माझ्याच वयाचे. दोन हिवाळे चाललेल्या या कामाचं पुस्तक १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने छापलं.

या तरुणांनी काय पाहिलं असेल? आपण अजिंठ्याला जातो तेव्हा पद्मपाणीचे डोळे बघतो, त्याच्या हातातलं कमळ बघतो. नक्कल करायला बसलेल्या माणसाला मात्र भिंत बघावीच लागते. आणि अजिंठ्याची भिंत म्हणजे बसाल्टचा खडक, त्यावर मातीचा गिलावा आणि त्या गिलाव्यात चक्क भाताचा कोंडा, गवत आणि झाडांचे तंतू. खडकावर छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत सोडले, म्हणजे माती धरून राहील. आधी जाडसर थर, मग बारीक मातीचा थर, मग पांढरा पातळ लेप आणि त्यावर रंग. तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी. निळा मात्र लांबून आलेला. तो लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानच्या बाजूच्या दगडाचा. बाकी बहुतेक सगळं पायाखालचं.

कोंडा का घालायचा, याचं उत्तर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात मिळतं, आणि आमच्या आजीला ते कॉलेजशिवाय माहीत होतं. ओली माती वाळताना आकसते. आकसली की ताण येतो आणि ताण आला की तडा. मातीत तंतू आणि भुसा मिसळला तर तो ताण एका जागी साचत नाही, सगळीकडे वाटला जातो. एका मोठ्या भेगेऐवजी हजार बारीक भेगा पडतात, आणि त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. आज काँक्रीटमध्ये फायबर घालतात ते याच कारणासाठी. पहूरमधली जुनी घरं बघा. धाब्याची घरं, मातीच्या भिंती, भिंतीच्या मातीत भुसा, वर शेणाचं सारवण. शेतातल्या झोपडीचा कूड पऱ्हाट्यांचा नाहीतर तुराट्यांचा, वरून माती लिंपलेली. अजिंठ्याचा गिलावा हा आमच्या घराच्या गिलाव्याचा पूर्वज आहे की भाऊ, हे ठरवायची गरज नाही. पद्धत एकच आहे.

लेणी १, २, १६ आणि १७ मधली ही चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. म्हणजे तो कोंडा पंधराशे वर्षं भिंतीत आहे. तो टिकला याचं श्रेय निम्मं त्या कारागिरांना आणि निम्मं अंधाराला. ऊन नाही, पाऊस नाही, माणसांची ये-जा नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथे पोचला आणि लेण्यांचा बाहेरच्या जगात बोभाटा झाला. त्यानंतरची कथा वाचताना वाईट वाटतं. नक्कल करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वॉर्निश फिरवलं. मग १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी खडकाला पक्का धरून ठेवला, हे त्यांचे उपकार. पण वरून शेलॅक लावलं, आणि ते पुढे पिवळं पडून चित्रांवर काविळीसारखं चढलं. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते उतरवत बसावं लागलं.

आता शेलॅक म्हणजे काय? लाख. झाडावरच्या किड्याने तयार केलेली, शंभर टक्के नैसर्गिक. ‘नॅचरल’ हा शब्द डब्यावर वाचून आपण निर्धास्त होतो, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोंडाही नैसर्गिकच, पण त्यावर कीड जगते आणि अजिंठ्याच्या गिलाव्यात ती लागलीही. वस्तू नैसर्गिक आहे एवढ्याने काही ठरत नाही. ती कुठे, कशासाठी आणि कोणाच्या समजुतीने वापरली, यावर ठरतं.

आता नकाशात उत्तरेला, फैजपूरला जाऊ. मध्ये सत्तावीस वर्षं गेली आहेत. नंदलाल आता शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख आहेत. सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणतात, गांधीजी नंदबाबू म्हणतात.

१९३६ साल. तोवर काँग्रेसची अधिवेशनं शहरांत व्हायची. गांधीजींनी दोन वर्षांपूर्वी, १९३४ मध्ये, वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला होता. खेड्याबद्दल शहरात बसून ठराव करण्यापेक्षा काँग्रेसनेच खेड्यात जावं, असा त्यांचा आग्रह होता. जागा ठरली पूर्व खान्देशातलं फैजपूर. स्वागताध्यक्ष शंकरराव देव. धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते कामाला लागले, आणि साने गुरुजीही त्या तयारीत होते. नगराला नाव दिलं टिळकनगर.

फैजपूर हे काही आडवळणाचं खेडं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गॅझेटिअरमध्ये त्याची ओळख छापील कापडाचं आणि निळ्या-तांबड्या रंगाईचं गाव अशी आहे. तांबडा रंग देणारं आलाचं मूळ आणि नीळ ही दोन्ही झाडंच. पण १८६९ मध्ये तांबड्या रंगातलं अलिझरिन प्रयोगशाळेत बनवण्याची कृती युरोपात पेटंट झाली, आणि १८९७ मध्ये जर्मनीच्या कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली. मुळं उकळून, चार-चार दिवस कापड भिजवून जो रंग चढायचा तो आता पुडीत मिळू लागला. झाडापानातून रंग काढणाऱ्या हातांचं काय होतं, हे देशातल्या प्रत्येक रंगारी गावाने १९३६ च्या आधीच बघितलं होतं. ग्रामोद्योगाचं अधिवेशन अशा गावात भरणं हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण योगायोग आहे.

नगराची मांडणी म्हात्रे नावाच्या वास्तुरचनाकाराकडे होती आणि सजावट नंदलालांकडे. नंदलाल आधी कचरले. मी चित्रकार, मला बांधकामातलं काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींचं उत्तर साधारण या आशयाचं होतं की मला निष्णात माणूस नको, जीव लावणारा हवा. अट एकच होती. सामान इथलं, हात इथले.

कोडिंग करणाऱ्यांना ही अट लगेच कळेल. क्लायंटने मोठं बजेट दिलं की आपण वाटेल त्या लायब्ररी ओढून घेतो आणि शेवटी एक जडशीळ गोष्ट तयार होते. ‘मशीनमध्ये जे आहे त्यातच करा’ म्हटलं की डोकं चालायला लागतं. नंदलालांसमोर असंच झालं. रंगीत कागद नाही, मखमली पडदे नाहीत, मुंबईहून आणलेल्या कमानी नाहीत. मग काय आहे? बांबू आहे. गवत आहे. चटया, टोपल्या, खादी आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना आणि स्थानिक कारागिरांना हाताशी धरून त्यातूनच प्रवेशद्वारं, मंडप आणि प्रदर्शन उभं केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही. नंदलालांनी सजवलेल्या साध्या रथातून निघाली, आणि रथाला बैल जुंपलेले. आमच्याकडे पोळ्याला बैल सजतात, त्याच नजरेचं हे काम.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अधिवेशन झालं. प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी या रचनेचं श्रेय नाव घेऊन म्हात्रे आणि नंदलाल यांना दिलं आणि त्या रथाचंही कौतुक केलं. कला शहरातून आणून खेड्यात लावायची नसते, खेड्यात असलेली बाहेर काढायची असते, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

मला राहून राहून वाटतं, नंदलालांना हे जमलं त्याची तयारी सत्तावीस वर्षं आधी, वाघूरच्या वळणावर सुरू झाली होती. ज्याने कोंडा मिसळलेल्या भिंतीवरचा पद्मपाणी तासन्‌तास जवळून पाहिलाय, त्याला गवताची लाज वाटणार नाही. अमुक वस्तू उच्च, अमुक वस्तू हलकी, ही उतरंड अजिंठ्याने त्याच्या डोक्यातून पुसून टाकली असणार. हा माझा अंदाज आहे. पण दोन्ही ठिकाणांच्या बरोबर मध्ये राहणाऱ्या माणसाला एवढा अंदाज करण्याचा हक्क असावा.

मग अधिवेशन संपलं आणि नगर उठलं. बांबू सुटे झाले, गवत गेलं. फैजपूरच्या त्या सजावटीचे काही फोटो आहेत, आठवणी आहेत. वस्तू म्हणाल तर कुठल्या संग्रहालयात जाऊन बघावी अशी ती कमान नाही.

तुलनेला पुढचं अधिवेशन घ्या. फेब्रुवारी १९३८, गुजरातमधलं हरिपुरा, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. तिथेही सजावट नंदलालांचीच. पण तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत चित्रं काढून लावली. सुतार, पिंजारी, ढोलवाला, दळण-कांडण करणाऱ्या बाया. या ‘हरिपुरा पोस्टर्स’मधली कितीतरी आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपलेली आहेत. पुस्तकांत छापली जातात, प्रदर्शनांत फिरतात. कागद घडी घालून नेता आला, कमान नेता आली नाही. म्हणून कलेच्या इतिहासात हरिपुऱ्यावर प्रकरणं आहेत आणि फैजपूरवर परिच्छेद.

म्हणजे एकाच तऱ्हेच्या सामानाची तीन आयुष्यं. कोंडा पंधराशे वर्षं. हातकागद ऐंशीहून जास्त वर्षं आणि अजून चालू. बांबू चार दिवस. यात बांबूचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चार दिवसांसाठी उभं राहावं आणि मग कुणाच्या तरी गोठ्याला लागावं, हेच त्याचं काम. भुलाबाईसाठी पोरी ज्वारीच्या ताटांचा मखर करतात, तो महिन्याने कुणी जपून ठेवत नाही. पुढच्या वर्षी नवी ज्वारी येतेच. टिकतो तो मखर नाही. टिकतं ते मखर करता येणं.

खरी खंत वेगळी आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर कोंडा कालवणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही, याची आपल्याला सवय झाली आहे. पंधराशे वर्षं झाली, ठीक आहे. पण फैजपूर १९३६ चं आहे. तेव्हा वर्तमानपत्रं होती, कॅमेरे होते, इतिवृत्तं लिहिली जात होती. नेहरूंचं भाषण शब्दशः आहे. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, सगळं आहे. नंदलालांचं नाव आहे, आणि असायलाच हवं. त्या टोपल्या विणणाऱ्या बुरडांची नावं मात्र या कथेत कुणी सांगत नाही. चटया कोणत्या गावच्या बायांनी विणल्या, दोऱ्या कोणी वळल्या, तेही नाही. ‘स्थानिक कारागीर’ एवढ्या दोन शब्दांत सगळे मावले. हाताचा मान वाढावा म्हणून भरवलेल्या अधिवेशनातही मान एकाच्या नावावर जमा झाला. नंदलालांना स्वतःला हे फारसं आवडलं नसतं असं वाटतं, कारण पुढच्याच नगरात त्यांनी भिंतभर चित्रं काढली ती याच लोकांची. पण चित्रातल्या पिंजाऱ्यालाही नाव नाहीच.

आता पुन्हा आपल्या काळात या. वाळलेल्या फुलांची फ्रेम करण्यात वाईट काही नाही. उलट ते छान काम आहे, आणि खान्देशाला तर त्यासाठी देवाने भट्टीच दिली आहे. जळगावचा पारा एप्रिल-मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. याच उन्हात आमच्याकडे वर्षभराची वाळवणं होतात: बिबडे, कुरडया, पापड, मिरच्या. फूल वाळवणं म्हणजे तेच शास्त्र. पाणी पटकन काढलं की बुरशीला जागा उरत नाही. फरक एवढाच की पापडाला ऊन लागतं आणि फुलाला सावली, कारण उन्हात रंग उडतो. झेंडूचा पिवळा-केशरी रंग बराच तग धरतो, जांभळी-लाल फुलं बहुधा काळवंडतात. दसरा-दिवाळीचा झेंडू दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातो. तोच कागदावर पसरून पंख्याखाली सावलीत वाळवा, महिनोन्‌महिने राहील. केळीचा घड उतरला की बागेत नुसती खोडं उरतात. त्या खोडातून चांगला, चिवट धागा निघतो, आणि त्याच्या दोऱ्या, पिशव्या, पायपुसणी होतात. ज्वारीची कणसं, कपाशीची वाळकी बोंडं, शेवरीचा कापूस. सामानाची कमी आमच्याकडे कधीच नव्हती.

कमी आहे ती त्या अटीची. सामान इथलं, हात इथले. आज मी पुण्यात बसून ‘रस्टिक’ म्हणून जो गवताचा झुपका मागवतो, ते पाम्पास ग्रास मुळात दक्षिण अमेरिकेचं. ते कुठे उगवलं, कोणी कापलं, कोणी ब्लीच केलं, मला काहीच माहीत नाही. दिसायला तो फैजपूरच्या कमानीचा नातेवाईक आहे, पण नातं दिसण्यापुरतंच. नंदलालांच्या कमानीत सुंदर काय होतं? तिच्याखालून जाणारा शेतकरी मान वर करून म्हणू शकत होता, अरे, ही तर आपली टोपली! रोज शेण-कचरा वाहणारी वस्तू त्याला पहिल्यांदा डोक्याच्या वर दिसली असेल. ती नजर विकत मिळणाऱ्या झुपक्यात येत नाही.

आणि हे सगळं म्युझियममध्ये गेलेलं नाही. पहूरला बाजाराच्या दिवशी आजही बांबूची सुपं, टोपल्या, दुरड्या घेऊन माणसं बसतात. बांबू चिरून त्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या काढणं आणि त्या एकाही खिळ्याशिवाय गोल वळवणं, हे काम बसून बघा एकदा. फैजपूरच्या कमानीत जे हात होते, त्यांचंच हे घराणं. आपण पाम्पासच्या झुपक्याला कार्टमध्ये टाकताना घासाघीस करत नाही. सुपाला मात्र दहा रुपये कमी करायला लावतो, आणि वर प्लॅस्टिकचं स्वस्त मिळतं म्हणून ऐकवतो.

यंदा दिवाळीत मी भिंतीसाठी एक मोठी दुरडी घेतली. विणणाऱ्या काकांना नाव विचारलं आणि दुरडीच्या मागच्या बाजूला मार्करने लिहायला सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, “लिहिता येत नाही भाऊ, तूच लिही.” मी लिहिलं. ते त्यांनी बोट फिरवून नीट बघितलं, आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.